टपटपणारा शॉवर आणि छोट्याशा वायसराची गोष्ट



रात्री घर निजानीज झाले की न्हाणीघरातून एक आवाज ऐकू येऊ लागतो. टप... टप... टप. दिवसभर तो रस्त्यावरच्या गाड्यांच्या आणि टीव्हीच्या गोंगाटात हरवलेला असतो. आपण उठतो, शॉवरचा कॉक आणखी थोडा आवळतो. आवाज थांबल्यासारखा वाटतो आणि अंथरुणावर पाठ टेकताच पुन्हा सुरू होतो. सकाळी घरातले कोणीतरी म्हणते, "प्लंबरला बोलवायला हवे." प्लंबर एवढ्याशा कामासाठी लवकर येत नाही. मग शॉवरखाली एक बादली ठेवली जाते आणि बघता बघता सहा महिने निघून जातात.

हे चित्र थोड्याफार फरकाने आपल्या सर्वांच्या घरातले आहे. गंमत अशी, की बहुतेक वेळा या टपटपीचे कारण चहाच्या एका कपापेक्षाही स्वस्त असते. ते असते कॉकच्या आतली एक छोटी रबरी चकती. तिला आपण वायसर म्हणतो. कॉकच्या आत काय चालते हे एकदा समजले की दोष कुठे आहे हे घरच्या घरी ओळखता येते आणि पुष्कळदा तो दूरही करता येतो. तेच या लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

एका थेंबाची किंमत

गेल्या हिवाळ्यात आमच्याच घरचा शॉवर टपकू लागला. सेकंदाला साधारण एक थेंब. आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने स्वयंपाकघरातले मापाचे भांडे त्याखाली धरले आणि घड्याळ लावले. दहा मिनिटांत भांड्यात १५० मिलिलिटर पाणी जमले. पुढचा हिशेब तिनेच कागदावर मांडला. तासाला ९०० मिलिलिटर. दिवसाला २१.६ लिटर, म्हणजे भरून एक मोठी बादली. वर्षाला ७,८८४ लिटर. आमच्या गच्चीवरची टाकी ५०० लिटरची आहे. म्हणजे वर्षभरात जवळजवळ सोळा टाक्या पाणी नुसत्या टपटपीतून मोरीत गेले असते!

आता हे पाणी येते कोठून ते पाहू. आपल्या इंदुरात नर्मदेच्या पाण्यासाठी १९७० साली मोठे जनआंदोलन झाले. १९७८ मध्ये योजनेच्या पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात आले. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून ते सुमारे ७० किलोमीटर अंतर पार करून येते. नुसते अंतर नाही, तर चढसुद्धा. तिथे नर्मदा समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटर उंचीवर आहे आणि इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या नळात येणारा प्रत्येक थेंब पंपांनी किमान ४०० मीटर वर उचललेला असतो.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहज करता येईल. एक हजार लिटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम. ते ४०० मीटर वर उचलण्यासाठी करावे लागणारे कार्य म्हणजे १,००० × ९.८ × ४००, अर्थात ३९,२०,००० ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. तेव्हा पंपात काहीही ऊर्जा वाया गेली नाही असे मानले, तरी हजार लिटरमागे एका युनिटहून अधिक वीज लागते. प्रत्यक्षात पंपात आणि पाइपातल्या घर्षणात ऊर्जा जाते आणि वाटेत विंध्याचा घाटही चढावा लागतो, म्हणून खर्च यापेक्षा बराच जास्त असतो. आमच्या एका शॉवरच्या टपटपीने वर्षाला किमान साडेआठ युनिट वीजही मोरीत सोडली असती. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण पाठ करतो, पण थेंबे थेंबे टाकी रितीही होते हे विसरतो.

कॉकच्या पोटात काय असते?

घरोघरी शॉवरचे कॉक मुख्यतः दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार जुना, फिरकीचा. मूठ तीन-चार वेळा फिरवली की तो पूर्ण उघडतो. मुठीखाली पितळेचा आटे पाडलेला दांडा असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. स्पिंडलच्या खालच्या टोकाला वायसर बसवलेला असतो. कॉकच्या अंगात, पाणी जिथून वर येते त्या भोकाभोवती पितळेची गोल कड असते. तिला सीट, म्हणजे बैठक म्हणतात. आपण मूठ आवळतो तेव्हा वायसर या बैठकीवर दाबला जातो आणि पाण्याची वाट बंद होते. पातेल्यावर झाकण दाबून ठेवावे तसेच हे आहे.

रबर कालांतराने कडक होते. त्यावर बैठकीचा गोल वळ उमटतो, कधी त्याचा तुकडा पडतो. मग वायसर आणि बैठक यांच्यात बारीक फट राहते आणि तिच्यातून थेंब निसटतो. अशा वेळी आपण काय करतो? अधिक जोर लावून आवळतो. त्याने झिजलेला वायसर आणखी चिरडतो. तो पार फाटला की स्पिंडलचे पितळ थेट बैठकीवर घासू लागते आणि तिच्यावर चरे पडतात. म्हणजे चहाच्या कपाच्या किमतीत होणारी दुरुस्ती आपण आपल्या हातांनी नव्या कॉकच्या खर्चापर्यंत नेतो. म्हणून पहिला नियम असा: टपकणारा कॉक जोराने आवळू नये.

दुसरा प्रकार नवा, पाव फेऱ्याचा. मूठ नव्वद अंश फिरवली की पाणी पूर्ण सुरू होते. यात रबरी वायसराऐवजी सिरॅमिकच्या, म्हणजे चिनी मातीसारख्या पण फार कठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर बसवलेल्या असतात. दोन्हींना छिद्रे असतात. छिद्रे समोरासमोर आली की पाणी वाहते, बाजूला सरली की थांबते. या चकत्या सहसा झिजत नाहीत. त्यांचा शत्रू म्हणजे वाळूचा कण. टाकीच्या तळातला गाळ पाइपात उतरला आणि एखादा कण दोन चकत्यांमध्ये अडकला, की चरा पडतो आणि टपटप सुरू होते.

गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या वॉल मिक्सरमध्ये असे दोन कॉक शेजारी शेजारी असतात आणि पाणी शॉवरकडे पाठवायचे की खालच्या तोटीकडे, हे ठरवणारा तिसरा भाग असतो. त्याला डायव्हर्टर म्हणतात. एकाच दांड्याच्या मिक्सरमध्ये ही सारी कामे बहुधा एकाच डबीसारख्या भागात होतात. त्या भागाला कार्ट्रिज म्हणतात.

आधी निदान, मग उपचार

वैद्य जसे आधी नाडी पाहतात, तसे आपण आधी गळती नेमकी कुठून आहे ते पाहावे.

आंघोळीनंतर शॉवर थोडा वेळ टपकतो आणि मग आपोआप थांबतो, तर काही बिघडलेले नाही. शॉवरच्या चाळणीत आणि वाकड्या नळीत साठलेले पाणी तेवढे निथळत असते. अर्ध्या तासानंतरही थेंब चालूच राहिला तरच कॉक संशयित.

पाणी शॉवरमधून नव्हे, तर मुठीच्या खालून झिरपते आणि तेही कॉक उघडा असतानाच, तर दोष वायसराचा नाही. स्पिंडल जिथून बाहेर येतो तिथे पाणी अडवणारी सुताची गुंडाळी किंवा रबरी कडी असते. ती सैल झाली किंवा झिजली आहे.

शॉवर चालू असताना खालच्या तोटीतूनही बारीक धार येते, तर डायव्हर्टरची रबरी कडी गेली आहे किंवा त्यात क्षार बसले आहेत.

मिक्सरमध्ये गळती गरम बाजूची की थंड बाजूची, हे हात लावून कळत नाही. पाइपात थांबलेले गरम पाणीही गार होतेच. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. गीझरचे बटण बंद करावे. मग गीझरमध्ये पाणी नेणाऱ्या नळीवरचा छोटा अँगल कॉक बंद करावा आणि अर्धा तास थांबावे. टपटप थांबली तर दोष गरम बाजूला, चालूच राहिली तर थंड बाजूला. परीक्षा झाल्यावर अँगल कॉक उघडून गरम नळातून सलग धार येऊ द्यावी आणि त्यानंतरच गीझर सुरू करावा. गीझर कधीही पाण्यावाचून चालू होता कामा नये.

माझी फजिती

आता एक कबुली. वर सांगितलेला आमचा शॉवर दुरुस्त करायला मी मोठ्या उत्साहाने बसलो. रविवारची सकाळ होती. आमच्या वसाहतीत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि त्या दिवशी नळ यायचा नव्हता. गच्चीवर जाऊन टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह फिरवला. तो फिरला, म्हणून बंद झाला असे समजलो. खाली आलो, पाना लावला आणि कॉकचा वरचा भाग काढला.

पुढे काय झाले ते सांगायला नको. पाणी छातीवर आदळले. कापड कोंबले, ते उडाले. काढलेला भाग परत बसवायला गेलो, तर पाण्याच्या जोरापुढे आटे जुळेनात. मुलगी गच्चीवर धावली, पण व्हॉल्व्ह नुसताच फिरत राहिला. पंचवीस-तीस मिनिटांत भरलेली टाकी रिकामी झाली. घरात पिण्याची दोन भांडी सोडली तर पाणी नाही आणि नळ दुसऱ्या दिवशी. शेजारच्या काकूंनी दोन बादल्या दिल्या म्हणून दुपारचा स्वयंपाक झाला. त्या बादल्या देताना काकू काही बोलल्या नाहीत, पण हसू मात्र त्यांना आवरले नाही!

संध्याकाळी प्लंबर आला. त्याने गेट व्हॉल्व्ह खोलून दाखवला. आतली पितळेची फळी दांड्यापासून तुटून सुटली होती. दांडा फिरत होता, फळी जागची हलत नव्हती. तो एवढेच म्हणाला, "बाबूजी, वॉल्व बंद करके पहले नल खोलकर देख लेना था ना." पंचवीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला त्याने एका वाक्यात प्रयोगाची पहिली पायरी शिकवली. गृहीत धरायचे नाही, तपासायचे.

म्हणून या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना ही: मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्यावर न्हाणीघरातला नळ उघडून ठेवा. धार बारीक होत पूर्ण थांबली आणि पाच मिनिटे थांबलेलीच राहिली, तरच पाना हातात घ्या. मिक्सर असेल तर गरम आणि थंड दोन्ही बाजू अशाच तपासा. गरम बाजू खोलायची असेल तर आधी गीझर बंद करून त्यातले पाणी गार होऊ द्या.

आणि दुसरी सूचना: घरातले गेट व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा, समजा दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या साफसफाईत, पूर्ण बंद करून पुन्हा उघडावेत. वर्षानुवर्षे न हललेला व्हॉल्व्ह क्षारांनी जखडतो आणि नेमक्या अडचणीच्या वेळी दगा देतो.

वायसर बदलण्याची रीत

साहित्य फार लागत नाही. कमी-जास्त होणारा एक स्क्रू पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, जुने कापड, पांढरी टेफ्लॉन टेप, जुना टूथब्रश आणि नवा वायसर. बहुतेक घरांतले कॉक अर्धा इंची असतात, तरी अंदाजाने न आणता जुना वायसर काढून तो नमुना म्हणून दुकानात न्यावा. सियागंजात किंवा जवळच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात तसाच मिळतो. दोन जादा आणून ठेवले तर उत्तम.

१. पाणी बंद करून वर सांगितल्याप्रमाणे खात्री करावी.

२. मोरीच्या जाळीवर कापड अंथरावे. मुठीचा छोटा स्क्रू हातून निसटला की थेट मोरीत जातो, हा अनेकांचा अनुभव आहे.

३. मुठीवरची लाल किंवा निळी टिकली स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उचलावी. तिच्याखाली स्क्रू असतो. तो काढून मूठ सरळ वर ओढावी. अडली तर हातोडी मारू नये, कोमट पाण्यात भिजवलेले कापड थोडा वेळ गुंडाळून ठेवावे आणि मग हलवत हलवत काढावी.

४. मुठीखालचे चकचकीत टोपण हाताने डावीकडे फिरवून काढावे. पाना लावावा लागलाच तर मध्ये कापड घ्यावे, नाहीतर चकाकीवर ओरखडे उठतात.

५. आता स्पिंडल थोडा उघड्या दिशेला फिरवून ठेवावा, म्हणजे वायसर बैठकीवर दाबलेला राहत नाही. मग षट्कोनी भागाला पाना लावून तो डावीकडे फिरवावा. एका हाताने कॉकचे अंग घट्ट धरावे, नाहीतर सगळा जोर भिंतीतल्या पाइपावर येतो.

६. काढलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर काढल्याच्या क्रमाने मांडावा. परत बसवताना उलट क्रमाने जायचे. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवला तर आणखी चांगले.

७. जुना वायसर काढून नवा बसवावा. वायसर छोट्या नटने धरलेला असेल तर तो नट जपावा.

८. कॉकच्या आत बोट घालून बैठकीची कड चाचपावी. ती गुळगुळीत लागली पाहिजे. खाच किंवा चरा लागला तर नुसता नवा वायसर थोडे दिवसच टिकेल. बैठक घासून सपाट करण्याचे छोटे हत्यार प्लंबरकडे असते. तेवढे काम त्याच्याकडून करून घ्यावे.

९. आट्यांवरचे पांढरे क्षार टूथब्रशने साफ करावेत आणि सर्व भाग परत बसवावेत. पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवावेत, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. शेवटी पान्याने घट्ट करावे, पण जीव खाऊन नाही.

१०. मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. त्या वेळी न्हाणीघरातला एक नळ उघडा ठेवावा, म्हणजे पाइपात अडकलेली हवा निघून जाते. मग शॉवर बंद करून कॉकच्या सांध्यांभोवती वर्तमानपत्राचा कोरडा कागद फिरवावा. कागदावर ओला डाग उमटला नाही की काम झाले.

मुठीखालून झिरपत असेल, तर एवढे खोलण्याचीही गरज नसते. मूठ आणि टोपण काढल्यावर स्पिंडलभोवती एक छोटा नट दिसतो. तो पाव फेऱ्याहून कमी आवळून पाहावा. मूठ जड होता कामा नये. तेवढ्याने न थांबल्यास पाणी बंद करून नट काढावा आणि टेफ्लॉन टेप दोरीसारखी वळून स्पिंडलभोवती दोन-तीन वेढे द्यावेत. ज्या कॉकमध्ये रबरी कडी असते, तिथे ती कडीच बदलावी.

पाव फेऱ्याच्या कॉकमध्ये वायसर बदलण्याची गोष्टच नाही. चकत्यांचा पूर्ण भाग काढून स्वच्छ पाण्याखाली धरावा. पुष्कळदा अडकलेला कण निघून जातो आणि टपटप थांबते. चरा पडला असेल तर तो पूर्ण भाग नवा घ्यावा लागतो. तो घेताना जुना बरोबर नेणे आवश्यक आहे, कारण लांबी, वरच्या दात्यांची संख्या आणि उघडण्याची दिशा या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. दिशा चुकली तर मूठ उलटी फिरते आणि घरातले सगळे महिनाभर गोंधळतात!

धार बारीक का येते?

शॉवरची धार बारीक येते ही तक्रार टपकण्याइतकीच नेहमीची आहे. तिचे पहिले कारण क्षार. बोरिंगचे पाणी जड असते. पाण्याच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच शॉवरच्या चाळणीत बसतो आणि छिद्रे बुजतात. चाळणी काढून व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात एक-दोन तास बुडवावी, टूथब्रशने घासावी आणि स्वच्छ धुवावी. चाळणी निघत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती पिशवी चाळणीला बांधावी. लादी धुण्याचे तीव्र ॲसिड मात्र कधीही वापरू नये. त्याने चकाकी जाते, पितळ खाल्ले जाते आणि त्याच्या वाफा श्वासाला घातक असतात.

दुसरे कारण टाकीची उंची. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. टाकी गच्चीवर जमिनीलगत ठेवलेली असेल आणि न्हाणीघर तिच्या लगेच खालच्या मजल्यावर असेल, तर टाकीचा तळ आणि शॉवरची चाळणी यांत अंतर असते जेमतेम एक मीटर. म्हणजे दाब त्याच्या दहाव्या भागाइतका. अशा ठिकाणी कितीही भारी शॉवर बसवला तरी धार बारीकच राहणार. दोष कॉकचा नाही, उंचीचा आहे. टाकीखाली चौथरा बांधणे हा त्यावरचा खरा उपाय.

कुठे थांबावे?

आपल्याला काय येते हे कळणे जितके महत्त्वाचे, तितकेच कुठे थांबायचे हे कळणेही. पुढील गोष्टी दिसल्या तर जाणकार प्लंबरलाच बोलवावे.

भिंतीच्या दुसऱ्या बाजूला ओल आली असेल, तर गळती भिंतीतल्या पाइपात आहे. बाहेरचा कॉक कितीही बदलला तरी ती थांबणार नाही.

पाना फिरवताना कॉकबरोबर भिंतीतला जुना लोखंडी पाइपही फिरू लागला, तर ताबडतोब हात थांबवावा. गंजलेला आटा आत तुटला तर भिंत फोडावी लागते.

गीझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी टपकत असेल, तर तो कधीही बुच लावून बंद करू नये. आतला दाब वाढल्यावर वाट करून देणे हेच त्याचे काम आहे. तो बंद करणे म्हणजे प्रेशर कुकरची शिटी बंद करण्यासारखे आहे. गीझरचे आतले काम आणि विजेची जोडणी यांना घरी हात लावू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, हे काम आई-वडिलांना किंवा आजोबांना बरोबर घेऊनच करा. ओल्या फरशीवर स्टूल सरकते, हे लक्षात ठेवा.

शेवटी थोडेसे

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत घरातली छोटी दुरुस्ती घरातच होत असे. प्रत्येक घरात एक डबा असायचा आणि त्यात खिळे, नट, सुताचा गुंडा, जुने वायसर असे काहीबाही असायचे. 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले ते सामान खरोखर कधीतरी लागायचे. आज तो डबा बहुतेक घरांतून नाहीसा झाला आहे. तो पुन्हा भरायला हरकत नाही.

विश्वस्त मंडळालाही एक नम्र विनंती आहे. आपल्या शाळेत पिण्याच्या पाण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या नळांची मोठी रांग आहे. एका टपकणाऱ्या शॉवरचा हिशेब आपण पाहिला. असे चार नळ टपकत असतील, तर दिवसाला चार बादल्यांहून अधिक पाणी जाते आणि सुटीच्या दिवशी तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत सर्व नळांची एकदा तपासणी व्हावी आणि प्रत्येक रांगेला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे एक नळ दुरुस्त करताना सगळ्या शाळेचे पाणी बंद करावे लागणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक गृहपाठ. येत्या रविवारी घरातला प्रत्येक नळ आणि शॉवर अर्धा तास बंद ठेवून पाहा. कुठे थेंब पडत असेल तर मापाचे भांडे दहा मिनिटे खाली धरा. जमलेल्या मिलिलिटरला १४४ ने गुणले की दिवसाचा हिशेब मिळेल. तो वहीत लिहा आणि वर्गात आणून दाखवा. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी उत्तर शून्य आले, तर तुम्ही एक प्रयोग पूर्ण केला आणि वर्षाकाठी काही टाक्या पाणीही वाचवले.

आमचा शॉवर शेवटी दुरुस्त झाला. पुढच्या रविवारी, नवा गेट व्हॉल्व्ह बसल्यावर, नळ उघडून खात्री करून घेतल्यावर. वायसर मी नाही, मुलीने बदलला. त्या रात्री न्हाणीघरातून काहीच आवाज आला नाही.